गुप्तांगावरचा न कळणारा फोड: सांगली-मिरजेत नीट निदान कसं करून घ्यायचं?

तात्पुरता_आयडी (धागाकर्ता)

हा आयडी फक्त या धाग्यापुरता आहे. नेहमीच्या आयडीवर ऑफिसातली अर्धी मंडळी आणि सख्खे दाजी आहेत, समजून घ्या.

वय ३१, कुपवाड एमआयडीसीत नोकरी. लिंगाच्या मुळाशी, केस सुरू होतात तिथे, दोन बारीक फोड आहेत. गणपतीत लक्षात आले, अजून तिथेच आहेत. दुखत नाहीत, खाजत नाहीत, पू नाही, पाणी नाही. एक कातडीच्या रंगाचा, वरून खरखरीत. दुसरा गुळगुळीत, पिवळट, चिमटीत धरला तर आत गोळी असावी तसा. शिवाय बोंडाच्या कडेने पांढरट दाण्यांची ओळ आहे. ती बहुधा कॉलेजपासूनच असावी, पण आता सगळ्याचाच संशय यायला लागलाय.

आतापर्यंत मिळालेली मतं अशी. गल्लीतल्या डॉक्टरांनी ट्यूबलाइटखाली, दोन हात लांबून बघितलं आणि म्हणाले, "उष्णता आहे, ताक प्या." सोबत मलम. दुसऱ्या एका दवाखान्यात सांगितलं, "व्हायरसची चामखीळ आहे, मंगळवारी या, जाळून टाकू." दोन्ही फोड बघितले की एकच, हेही मला सांगता येणार नाही, इतक्या झटपट उरकलं. मेडिकलवाल्याने तर काहीच न बघता "फंगल असेल" म्हणून ट्यूब हातात ठेवली. ती अजून उघडलेली नाही. नेटवर फोटो बघत बसलो तर खरुजेपासून कॅन्सरपर्यंत सगळं मलाच झालंय असं वाटतं.

तुळशीच्या लग्नानंतर माझं लग्न आहे. मुलगी विट्याची. पूर्वी एक नातं होतं, ते संपून दोन वर्षं झाली.

जाळून मोकळं व्हावं, की आधी काय आहे ते कळून घ्यावं? दाखवायचं कोणाला, स्किनवाल्यांना की मूत्रविकारवाल्यांना? रक्त तपासून कळतं का? आणि आपल्याकडे हे नीट बघतात कुठे?

लगा_सांगलीकर

भावा, पयलं त्या मंगळवारवाल्याला सांग, मंगळवारी पाव्हणं येणारेत म्हणून. जाळल्यावर नेमकं काय हुतं ते कोण बघणार? धूर?

आमच्याकडं मळ्यात चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस बांधत्यात, न्हाईतर चुना आन् खायचा सोडा कालवून लावत्यात. मानंवर कुणी काय करायचं ते करू दे. तिथं मात्र असलं काय करू नगंस. आमच्या एका दोस्तानं चुना लावला, आठ दिवस लुंगीवर हुता गडी.

हळदबाजार

होमिओपॅथीचं थुजा घ्या. पोटातून आणि वरून लावायला पण. माझ्या हातावरच्या सगळ्या चामखिळी तीन-चार महिन्यांत गेल्या. जाळाजाळी नको, काही नको.

संपादक मंडळ

या धाग्यावर एका सदस्याने फोटो टाकला होता, तो काढला आहे. कृपया कोणीही फोटो टाकू नये, व्यनिमधूनही (खासगी निरोपातूनही) मागू नये. बाकी चर्चा चालू राहू द्या, विषय उपयोगाचा आहे.

कृष्णाकाठचा_त्वचावैद्य

संपादकांचे आभार. मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, सांगली जिल्ह्यातच प्रॅक्टिस आहे. इथे नाव देत नाही आणि व्यनिमध्ये फोटोही बघत नाही. फोटोत उंचवटा कळत नाही, बोटाला लागणारा कडकपणा कळत नाही, आणि मोबाईलचा कॅमेरा रंग स्वतःच्या मर्जीने बदलतो. त्यामुळे खाली लिहितोय ते निदान नाही. दवाखान्यात गेल्यावर काय अपेक्षा ठेवायची, एवढंच.

धागाकर्त्याचं वर्णन वाचून मला एक नाही, तीन वेगळ्या गोष्टी दिसतात. तीन मतं आली त्यात नवल नाही, कारण प्रत्येकाने एकाच नावात सगळं बसवायचा प्रयत्न केला.

बोंडाच्या कडेने ओळीत उभे असलेले एकसारखे दाणे बहुतेक वेळा पर्ली पेनाइल पॅप्यूल्स असतात. हा आजार नाही. लागण होत नाही, कोणाकडून येत नाही, औषध लागत नाही. तरुणपणी खूप पुरुषांना असतात आणि वयाबरोबर फिके पडतात. यांना चामखीळ समजून जाळून घेतलेली मुलं मी बघितली आहेत. जाळल्याचे व्रण मात्र वयाबरोबर फिके पडतातच असं नाही.

पिवळट, आत गोळी लागणारा फोड केसाच्या मुळाशी झालेली साधी सिस्ट, म्हणजे बंद पिशवीसारखी गाठ, असू शकतो. तेलग्रंथींचे बारीक पिवळट ठिपकेही याच भागात दिसतात, त्यांना फोर्डाइस स्पॉट्स म्हणतात. कातडी ताणली की ते जास्त उठून दिसतात. तेही निरुपद्रवी.

राहिला खरखरीत फोड. तो चामखीळ असू शकतो. गुप्तांगावरच्या बहुतेक चामखिळी एचपीव्ही या विषाणूच्या ६ आणि ११ या प्रकारांमुळे येतात. पण "असू शकतो" आणि "आहे" यांच्यामध्ये एक नीट तपासणी असते आणि ती तुमची अजून झालेलीच नाही.

चामखिळीसारखं दिसणारं बरंच काही असतं. मोलस्कम मोत्यासारखा चकचकीत असतो, मध्ये बारीक खळगा असतो. हा वेगळ्याच, पॉक्स जातीच्या विषाणूमुळे होतो आणि लहान मुलांना नुसत्या स्पर्शाने, टॉवेलनेही होतो. लायकेन प्लेनसचे उंचवटे चपटे, जांभळट असतात. मग मनगट आणि तोंडाच्या आतही बघावं लागतं. खरुजेच्या गाठी औषध घेऊनही कित्येक आठवडे राहतात, पण त्यांना रात्री प्रचंड खाज असते आणि घरात आणखी कोणीतरी खाजवत असतं. हर्पिसचे पाण्याचे फोड घोळक्याने येतात, दुखतात, फुटतात आणि दोन-तीन आठवड्यांत वाळतात. गणपतीपासून दसऱ्यापर्यंत जागचा न हललेला कोरडा फोड हर्पिसच्या वागण्यात बसत नाही.

एक गोष्ट मात्र चुकता कामा नये, ती म्हणजे सिफिलिस, हा संबंधातून पसरणारा आजार. त्याच्या दुसऱ्या टप्प्यात ओलसर, चपटे उंचवटे येतात आणि ते हुबेहूब चामखिळीसारखे दिसतात. ते कोणी जाळले तर वरचं जाईल आणि आजार रक्तात तसाच राहील. म्हणून व्हीडीआरएल ही साधी रक्ततपासणी आधी, जाळणं नंतर. एचआयव्हीची तपासणीही सोबत होते. यात तुमच्या चारित्र्याबद्दल कोणी मत बनवत नाही. या विभागात तो रोजचा रिवाज आहे.

एचपीव्हीसाठी रक्ताची तपासणी नाही. चामखिळीवर स्वॅब फिरवून विषाणूचा प्रकार शोधायची महागडी तपासणी कोणी सुचवली तर "त्याने उपचारात काय बदल होईल?" एवढं विचारा. काहीच होत नाही.

हळदबाजार, तुमच्या थुजाबद्दल. चामखिळी बऱ्याच जणांच्या काही महिन्यांत आपोआप जातात. त्या वेळी जे चालू असेल त्याला श्रेय मिळतं. माझ्या उपचारांनाही असं फुकटचं श्रेय कधीकधी मिळत असणार. पण इथे प्रश्न चामखीळ कशाने जाईल हा नाही. ती चामखीळ आहे का, हा आहे.

स्लाइडवाला_मिरज

डॉक्टरसाहेबांना +१. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, त्यामुळे आमच्या टेबलावर काय येतं ते सांगतो.

आमच्याकडे अशा जागेची बायोप्सी, म्हणजे तपासायला काढलेला कातडीचा तुकडा, फारच कमी येते. कारण लगा_सांगलीकर म्हणाले तेच, धूर लॅबमध्ये पाठवता येत नाही. कापून काढलेला तुकडासुद्धा कित्येकदा कचऱ्यात जातो. कोणी तुमच्या अंगावरून काही कापून काढणार असेल तर "तुकडा तपासायला पाठवणार ना?" हे आधी विचारा.

आपल्याकडे बाटली लॅबपर्यंत बहुतेक वेळा पेशंट किंवा नातेवाईकच पोचवतो. म्हणून बघून घ्या: बाटलीत फॉर्मॅलिन (तुकडा टिकवणारं द्रव) हवं. सलाइन किंवा साधं पाणी चालत नाही, तुकडा सडतो. तुकडा पूर्ण बुडालेला हवा. लेबल झाकणावर नको, बाटलीवर हवं, कारण झाकणं आमच्याकडे उघडून बाजूला ठेवली जातात. आणि सोबतच्या फॉर्मवर जागा आणि डॉक्टरांचा संशय लिहिलेला हवा. लाजेपायी नुसतं "स्किन बायोप्सी" लिहिलेले फॉर्म येतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली बघणाऱ्याने अंदाज तरी कशाचा करायचा?

रिपोर्टबद्दल शंका राहिली तर नव्याने कापायची गरज नसते. मेणात बसवलेला तुकडा, म्हणजे ब्लॉक, आणि स्लाइड लॅबमध्ये जपून ठेवलेल्या असतात. त्या मागून दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येतात. हे लोकांना माहीतच नसतं.

तासगाव_द्राक्ष

मेडिकलवाल्याची ती ट्यूब म्हणजे तीन-चार औषधांची खिचडीवाली का? ती नायट्याला सगळेच लावतात की आमच्याकडे.

कृष्णाकाठचा_त्वचावैद्य

तीच असणार. त्यात बुरशीचं औषध, जिवाणूंचं औषध आणि वर कडक स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडने लाली आणि खाज दोन दिवसांत बसते, माणूस खूश होतो, आणि खालचा आजार निवांत पसरतो. नंतर आमच्याकडे येतो तेव्हा नायटा नायट्यासारखा दिसत नाही, चामखीळ चामखिळीसारखी दिसत नाही. वृषणाच्या पिशवीची कातडी हातापेक्षा सुमारे ४० पट जास्त स्टेरॉइड शोषते. तिथे महिनाभर लावलं की कातडी कागदासारखी पातळ होते. २०१८ साली सरकारने असली मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. दुकानात जाऊन बघा किती पाळतात ते.

दाखवायला जाण्याआधी तिथे काहीही लावू नका. पावडरही नको. आणि "डॉक्टरांना स्वच्छ दिसावं" म्हणून ब्लेड फिरवून येऊ नका. चामखीळ किंवा मोलस्कम असेल तर ब्लेडच्या रेषेवर नवे फोड उठतात. हाताच्या चामखिळीवर लावायचे अ‍ॅसिडचे थेंबही त्या जागेसाठी नाहीत. व्हिनेगर लावून कातडी पांढरी होते का ते घरी बघायचा उद्योग हल्ली मुलं व्हिडिओ बघून करतात. कातडी पांढरी साध्या ओरखड्यानेही होते.

विश्रामबागची_मी

पुरुषांच्या धाग्यात बाईने लिहावं की नाही असा विचार करत होते, पण लिहितेच. बायकांनाही हे होतं आणि बायकांना याहून जास्त ऐकून घ्यावं लागतं.

लग्नाला वर्ष झालं होतं. जळजळ होते म्हणून एका दवाखान्यात गेले (नाव लिहीत नाही). आतल्या नाजूक भागावर दोन्ही बाजूंना बारीक गुलाबी दाणे दिसले. तिथल्या तिथे चिठ्ठीवर "एचपीव्ही वॉर्ट्स", जाळायची तारीख, आणि "मिस्टरांना पण तपासून घ्या." झालं. घरी दोघांनी एकमेकांकडे कसं बघायचं हा प्रश्न. नवरा म्हणाला माझ्याकडून नाही, मी म्हटलं माझ्याकडूनही नाही. मग उरलं काय? सासूबाईंना काही सांगितलं नव्हतं, पण घर छोटं आहे, त्यांना कळायचं ते कळलंच.

मावसबहीण मिरजेत नर्स आहे. ती म्हणाली, जाळायच्या आधी अजून एकदा दाखव. दुसऱ्या बाईंनी भिंगातून वेळ घेऊन बघितलं आणि मला हातात आरसा दिला. दाणे दोन्ही बाजूंना सारखे, एका रंगाचे, मऊ, आणि प्रत्येकाचं बूड वेगळं. चामखिळीत एकाच बुडातून अनेक टोकं फुटतात, ती कशीही, कुठेही. याला वेस्टिब्युलर पॅपिलोमॅटोसिस म्हणतात, त्या म्हणाल्या, आणि हे नाव विसरलीस तरी चालेल, कारण हा आजारच नाही. जळजळ बुरशीची होती, ती आठवड्यात गेली.

तारीख घेतलेला तो दिवस आला आणि गेला. पण चिठ्ठीवर दोन शब्द खरडायला लागला एक मिनिट, आणि घरातलं वातावरण निवळायला लागले कितीतरी महिने. नाव नक्की नसेल तर डॉक्टरांनी चिठ्ठीवर प्रश्नचिन्ह तरी काढावं.

कृष्णाकाठचा_त्वचावैद्य

शेवटचं वाक्य प्रिंट काढून आमच्या संघटनेच्या ग्रुपवर टाकावं असं आहे. दोन्ही बाजूंना सारखेपणा आणि वेगवेगळी बुडं, तुमच्या बाईंनी नेमक्या खुणा दाखवल्या.

दुसरी_बाजू

थोडं वेगळं, पण याच विषयातलं. मी पुरुष आहे, माझे संबंध पुरुषांशी आहेत. मागच्या जागेभोवती उंचवटे आले. मी सांगितलं "मूळव्याध असेल" आणि समोरच्यानेही न बघता तेच धरलं. मूळव्याधीचं मलम, गोळ्या, सिट्झ बाथ (कोमट पाण्यात बसणं), सगळं झालं. शेवटी सिव्हिलच्या सुरक्षा क्लिनिकमध्ये गेलो. तिथल्या समुपदेशकांनी संबंधांबद्दल सरळ विचारलं, आवाज न चढवता, भुवया न उंचावता. मीही सरळ सांगितलं. रक्त तपासलं, व्हीडीआरएल रिअॅक्टिव्ह, म्हणजे सिफिलिसची खूण. वर डॉक्टरांनी लिहिलेले ते ओलसर चपटे उंचवटे, तेच होते. २४ लाख युनिट पेनिसिलिनचं इंजेक्शन मिळालं. उंचवटे सपाट झाले, जाळायची वेळच आली नाही. फक्त नंतर ठरावीक महिन्यांनी रक्त पुन्हा तपासायला जावं लागतं, ते टाळू नका.

डॉक्टरांना खरं सांगितल्याशिवाय ते योग्य जागा बघत नाहीत. आणि बघितलं नाही तर आपण स्वतःहून म्हणायचं, मागेही बघा.

समुपदेशक_ताई

दुसरी_बाजू, लिहिलंत ते बरं केलंत. मी याच क्षेत्रात काम करते म्हणून थोडी भर.

सुरक्षा क्लिनिक म्हणजे सरकारचं लैंगिक आजारांसाठीचं केंद्र. जिल्हा रुग्णालयांत आणि मेडिकल कॉलेजांत असतं, तपासणी आणि औषधं मोफत. सांगलीत सिव्हिल, मिरजेत मेडिकल कॉलेज. साताऱ्याच्या मंडळींनी क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात विचारावं. दारावरची पाटी बघून आत जायला लाज वाटत असेल तर सरळ त्वचारोगाच्या ओपीडीचा केसपेपर काढा, तिथून पाठवतात. एचआयव्हीची तपासणी तुमची संमती घेऊनच होते आणि निकाल गुप्त ठेवणं २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे. आधी फोनवर बोलायचं असेल तर १०९७, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात.

एसटी स्टँडच्या भिंतीवर "गुप्तरोग, शंभर टक्के गॅरंटी" असं रंगवलेल्या मंडळींकडे जाऊ नका. पाटीवर एम.डी. त्वचारोग किंवा डी.व्ही.डी. (त्वचा आणि गुप्तरोगांची पदविका) असं काही आहे का, नोंदणी क्रमांक आहे का, ते बघा.

तात्पुरता_आयडी (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. मिरजेला जाऊन आलो, रिपोर्टही आला. सविस्तर लिहितो, कोणाला उपयोग होईल.

त्वचेच्या ओपीडीच्या रांगेत पांढरे डागवाले, सोरायसिसवाले, खरूज झालेली पोरं, सगळेच होते. कोण कशासाठी उभंय याच्याशी कोणाला देणंघेणं नव्हतं. आत पडद्यामागे टेबलावर झोपवलं. शिकाऊ डॉक्टर थांबले तर चालेल का असं विचारलं, मी नको म्हटलं, ते बाहेर गेले. जांघा, पिशवी, मागची बाजू, तोंडाच्या आत, तळहात, तळपाय, सगळं बघितलं. मग दिवा लावलेलं भिंगासारखं यंत्र, डर्मोस्कोप, कातडीला टेकवलं आणि त्याला मोबाईल जोडून मला स्क्रीनवर दाखवलं.

कडेच्या ओळीतला प्रत्येक दाणा सुटा, गोल, द्राक्षाच्या मण्यांसारखा एकाला एक लागून, आणि प्रत्येकात एक बारीक लाल रेघ. "हे तुझे स्वतःचे, आयुष्यभराचे," डॉक्टर म्हणाले. पिवळट फोड सिस्ट निघाली, तिला हात लावायचा नाही, पिळायची नाही. खरखरीत फोड मोठा करून बघितला तर वर बोटांसारखी टोकं आणि प्रत्येक टोकात रक्तवाहिनी. चामखीळच वाटते, म्हणाले, पण बुडाशी रंग जरा गडद आहे, आणि तुझं लग्न तोंडावर आहे, तर "वाटते" वर कशाला थांबतोस?

बायोप्सीची भीती होती. भूल देण्याची सुई चांगलीच झोंबली, ते खरं. पुढचं काही कळलं नाही. पेन्सिलीसारख्या दांडीचं बारीक गोल पातं फिरवलं, ३ मिलिमीटरचा तुकडा, एक टाका. बाटली माझ्याच हातात दिली. स्लाइडवाल्यांना आठवून लेबल आणि फॉर्म दोन्ही वाचले. डॉक्टरांना गंमत वाटली.

रिपोर्ट: कॉन्डायलोमा अ‍ॅक्युमिनेटम, कॉइलोसाइट दिसतात, डिस्प्लेसिया नाही. म्हणजे साधी विषाणूची चामखीळ, कर्करोगाकडे झुकणारं काही नाही. व्हीडीआरएल, एचआयव्ही दोन्ही निगेटिव्ह. उरलेला भाग द्रव नायट्रोजनने गोठवायचा आहे.

म्हणजे मंगळवारवाले बरोबरच होते असं दाजी म्हणतील (त्यांना सांगितलेलं नाही, निश्चिंत असा). पण त्यांनी बहुतेक सिस्ट आणि कडेची ओळही जाळली असती.

आता खरा प्रश्न. विट्याला काय सांगू? दोन वर्षं कोणाशी संबंध नाही, तर हे आत्ता कसं आलं? तिला वाटेल मी खोटं बोलतोय.

लगा_सांगलीकर

नाद खुळा भावा! रिपोर्ट हातात हाय, आता झोप नीट. तिला सांगून टाक की. लग्नानंतर कळण्यापेक्षा आत्ता कळल्यालं बरं.

कृष्णाकाठचा_त्वचावैद्य

लागण झाल्यापासून चामखीळ उठायला साधारण दोन-तीन महिने लागतात, पण काही जणांत विषाणू कितीतरी जास्त काळ गप्प बसतो. म्हणून चामखीळ बघून ती कोणाकडून आणि कधी आली हे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. मी तर असं तारखेनिशी सांगणाऱ्यावर विश्वासच ठेवू नका म्हणेन. तुमच्या बाबतीत दोन वर्षांनी उठणं शक्य आहे. तिला डॉक्टरांसमोर बसवून हे सांगता आलं तर उत्तम, कारण तेच वाक्य तुमच्या तोंडून सफाईसारखं वाटतं आणि आमच्या तोंडून माहितीसारखं.

६ आणि ११ हे प्रकार कर्करोगाचे नव्हेत. पण चामखीळ परत येण्याचं प्रमाण पहिल्या तीन महिन्यांत बरंच असतं, तेवढं लक्ष ठेवा. दिसणारी चामखीळ पूर्ण जाईपर्यंत संबंध टाळा. कंडोमने धोका कमी होतो, पण तुमची जागा मुळाशी आहे, ती कंडोमखाली पूर्ण झाकली जात नाही.

मुलीचं वय २६ पर्यंत असेल तर एचपीव्हीची लस जरूर. पुण्याच्या सीरमची सर्वाव्हॅक मिळते, ती ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवर आहे. १५ वर्षांनंतर तीन डोस, पहिल्यापासून दुसरा दोन महिन्यांनी, तिसरा सहा महिन्यांनी. लस असलेली चामखीळ घालवत नाही, पुढची लागण अडवते. पहिला डोस लग्नाआधी झाला तर चांगलंच.

विश्रामबागची_मी

माझं ऐकाल तर फोनवर सांगू नका. आणि तिच्या आईसमोर तर नकोच. रिपोर्टची प्रत तिच्या हातात द्या, तिला वाचू द्या, चार दिवस द्या. माझ्या नवऱ्याने मला "काही नाही गं" म्हणण्याऐवजी कागद दाखवला असता तर मला बरं वाटलं असतं. ती नाही म्हणाली तर तोही तिचा हक्क आहे.

तासगाव_द्राक्ष

अवांतर: ही लस मुलग्यांना पण देतात का? माझा भाचा १३ वर्षांचा आहे.

कृष्णाकाठचा_त्वचावैद्य

हो. सर्वाव्हॅक मुलगे आणि मुली दोघांसाठी आहे. ९ ते १४ वयात दोनच डोस पुरतात, त्यामुळे आत्ताच घेतली तर एक सुई वाचते. बालरोगतज्ज्ञांना विचारा.

नवी_वाचक

मी नुसती वाचत होते, आज लिहिते. माझ्या मिस्टरांना तिथे बरेच फोड आहेत, फुलकोबीसारखे वाढत चाललेत. वर्ष होत आलं. दाखवायला तयारच नाहीत, विषय काढला की चिडतात. मी ३४ वर्षांची, दोन मुलं. मला स्वतःला काही दिसत नाही. मी काय करू?

समुपदेशक_ताई

तुम्ही त्यांची वाट बघू नका. तुमची तपासणी त्यांच्या होकारावर अडलेली नाही. सिव्हिलला किंवा मिरजेला स्त्रीरोग ओपीडीत जा आणि "मिस्टरांना असे फोड आहेत" एवढं सांगा. बाहेरून आणि आतून बघतील. ३० वर्षं पूर्ण झालेल्या बायकांची गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावून बघतात, दुखत नाही, निकाल तिथेच कळतो. रक्ताची व्हीडीआरएल त्याच चकरेत करून घ्या. तोपर्यंत संबंधाला नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

कृष्णाकाठचा_त्वचावैद्य

ताईंशी सहमत. मिस्टरांबद्दल: वर्षभर वाढत असलेलं असेल तर ते अंदाजावर सोडायचं प्रकरण नाही, त्यांना बायोप्सी लागू शकते. कुठे रक्त येत असेल, जखम होत असेल, बूड कडक लागत असेल किंवा जांघेत गाठ आली असेल तर याच आठवड्यात दाखवायला हवं. त्यांना साखर आहे का? असेल तर साखर तपासायच्या निमित्ताने दवाखान्यात आणा, आणि त्वचेच्या डॉक्टरांना तुम्ही आधी जाऊन सांगून ठेवा. आमच्याकडे बरेच नवरे असेच आलेले असतात.

नवी_वाचक

साखर आहे. सोमवारी त्यांची तपासणी आहेच. बघते.